दाखवण्यापुरती खुर्ची

त्या खुर्चीचा विषय निघाला की मी चष्मा काढून पुसायला घेतो. गेली काही वर्षं हेच चाललं आहे. जव्हारच्या बाजारात, कुणाच्या लग्नात, पेन्शनच्या कामासाठी बँकेत बसलेलो असताना कुणी तरी हमखास विचारतं, "गुरुजी, त्या मुंबईच्या पोरांबरोबर तुम्ही डोलीची खुर्ची केली होती ना? तिचं काय झालं पुढं?" मी म्हणतो, "राहिलं ते." चष्मा पुसून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

मी गप्प राहिलो म्हणून माझं एकट्याचंच काही अडलं असतं, तर मेलो तरी लिहिलं नसतं. पण माझ्या गप्प बसण्याचा दोष दुसऱ्या माणसाच्या माथी बसला आहे आणि तो माणूस अजून ते ओझं वाहतो आहे. तो माझा विद्यार्थी. म्हणून हे एकदा जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी मोखाडा तालुक्यातल्या शाळांत गेली. शेवटची बरीच वर्षं पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर होतो. रस्ता ओढ्यापर्यंत. पुढे ओढा ओलांडून चढण. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं, बाई अडली, की डोली. बांबूला चादर नाहीतर लुगडं बांधायचं, त्या झोळीत माणूस घालायचा आणि चौघांनी खांदा बदलत रस्त्यापर्यंत न्यायचं. अशा डोलीबरोबर मी स्वतः कितीदा तरी छत्री धरून चाललो आहे. तिथली एक रीत मला माहीत होती. बांबू ताजा तोडायचा आणि माणूस झोळीत घालायच्या आधी दोन गड्यांनी त्याला लोंबकळून बघायचं. घाई कितीही असो, हे केल्याशिवाय कुणी डोली उचलत नसे.

निवृत्त झाल्यावर मी जव्हारला राहायला आलो. बायको वारली, मुलगी नाशिकला. सकाळचा चहा, वर्तमानपत्र, शिरपामाळाच्या बाजूला एक फेरी, एवढंच उरलं होतं. दर पावसाळ्यात त्या वर्तमानपत्रात आमच्या भागातल्या डोलीचा फोटो यायचा. झोळी, तिच्यातून बाहेर आलेला एक पाय, आणि खाली मथळा. मला त्या फोटोची लाज वाटायची. का वाटायची हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. आयुष्यभर तिथं शिकवलं आणि शेवटी फोटो हाच, असं काहीसं वाटत असावं.

अशातच मुंबईच्या एका संस्थेची माणसं माझा पत्ता शोधत आली. रस्ता नसलेल्या पाड्यांसाठी डोलीच्या जागी काही नवी वस्तू करता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ती मंडळी जव्हारला एक आठवडा 'डिझाइन स्प्रिंट' घेणार होती. त्यांची प्रमुख एक तिशीची मुलगी होती. तिनं मला समजावलं, "काका, सोमवारी प्रश्न समजून घ्यायचा, मग कल्पना काढायच्या, त्यातली एक निवडायची, गुरुवारी तिचं मॉडेल करायचं आणि शुक्रवारी ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवायचं. वर्षभर चर्चा करून जे कळत नाही ते पाच दिवसांत कळतं."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्हाला ते पाडे माहीत आहेत, त्यांची बोली येते. तुमच्याशिवाय आम्ही आंधळे."

निवृत्तीनंतर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या आठवड्यासाठी दोन शर्ट इस्त्री करून आणले.

एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही बसत होतो. भिंतभर रंगीत चिकटचिठ्ठ्या लावलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न: ओढ्यात पाय घसरू नये म्हणून काय करता येईल, बाईला उताणं झोपता येईल असं काय करता येईल, दोनच माणसं असली तर काय करता येईल. मग सगळ्यांनी न बोलता आपापल्या कल्पनेचं चित्र काढायचं. मतं द्यायला गोल चिकट ठिपके हवे होते, ते जव्हारला मिळेनात. शेवटी मी बांगडीवाल्याकडून टिकल्यांची पाकिटं आणली. चित्रांवर लाल टिकल्या लावून आम्ही मतं दिली. ती पोरं खूप हसली. त्यांचा इंजिनीअर, चष्मा लावणारा आणि सतत काही तरी खाणारा मुलगा, कपाळाला टिकली लावून दिवसभर हिंडला.

शेवटी दोन चित्रं उरली. एक त्या प्रमुख मुलीचं: जुनी झोळीच, पण जाड कॅनव्हासची, रुंद, खाली लाकडी पट्टी आणि धरायला पट्टे असलेली. दुसरं इंजिनीअरचं: दोन दांड्यांच्या मध्ये अडकवलेली खुर्ची, पाठीला टेकू, पाय ठेवायला फळी. त्यांच्या पद्धतीत शेवटचा शब्द एकाच माणसाचा असतो. तो मान त्यांनी मला दिला होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

झोळी तिथल्या तिथे कुठल्याही शिंप्याकडे शिवून झाली असती. तिच्यात मोडण्यासारखं काही नव्हतं. पण मला फोटो आठवला. मी माझी टिकली खुर्चीवर लावली.

"नक्की, काका?" मुलीनं विचारलं.

"माणूस बसून आला पाहिजे," मी म्हणालो. "गाठोड्यासारखा नाही."

टाळ्या झाल्या. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी मॉडेल. इंजिनीअरला ॲल्युमिनियमच्या नळ्या हव्या होत्या, त्या नाशिकहून आणायला वेळ नव्हता. मी त्याला हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेलो. तिथं नळाच्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या नळ्या होत्या, तेवढ्याच जाडीच्या.

"चालतील?" मी विचारलं.

"उद्यापुरत्या धावतील," तो म्हणाला. "उद्या कुठं कुणाला वाहून न्यायचंय?"

मुलीनं मला पुन्हा एकदा नीट सांगितलं. ते शब्द मला आजही आठवतात, कारण त्यांत काही अवघड नव्हतं. "काका, हे नाटकातल्या घरासारखं असतं. पुढून भिंत, मागे काही नाही. लोकांनी खरी वस्तू समजून बघावं, बसावं, बोलावं, म्हणजे त्यांचं खरं मत कळतं. दाखवण्यापुरतं असतं. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. बोलणं संपलं की प्रत्येक घरी सांगायचं, हे नुसतं मॉडेल आहे. आणि मॉडेल मागे ठेवायचं नाही. कधीच नाही."

खांद्यावरचे दोन दांडे बांबूचे केले, बैठकीची चौकट प्लॅस्टिकच्या नळ्यांची. जोड चिकटवले. मग चंदेरी रंगाचा डबा आणला आणि रंग मी लावला. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. बांबूलाही लावला, नळीलाही लावला. दोन हात दिल्यावर बांबू कुठला आणि प्लॅस्टिक कुठलं ते मलाही हात लावून बघावं लागत होतं. इंजिनीअर म्हणाला, "काका, विमानाचा पार्ट वाटतोय." मी रंगाचे हात रॉकेलनं पुसत हसत होतो.

शुक्रवारी आम्ही माझ्या जुन्या पाड्यावर गेलो. ओढ्यापर्यंत जीप, पुढे चालत. उन्हाळा होता, ओढा कोरडा. इंजिनीअर दगडांवरून दोनदा घसरला.

दाखवायचा क्रम असा होता: खुर्ची अंगणात ठेवायची, मुलगी प्रश्न विचारणार, मी त्यांच्या बोलीत सांगणार आणि उत्तर मराठीत परत सांगणार, बाकीचे कोपऱ्यात बसून टिपणार. पहिल्या घरी सगळं झाल्यावर मी सांगितल्याप्रमाणे सांगितलं, की ही खरी नाही, नमुना आहे, प्लॅस्टिक आहे. घरातल्या लोकांचे चेहरे उतरले. एक म्हातारा उठून गोठ्याकडे गेला. इतका वेळ आपण एका खेळण्याबद्दल बोलत होतो असं त्यांना वाटलं असणार. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या घरापासून मी ते वाक्य गाळलं. मंडळींना बोली येत नव्हती. मुलीनं जाताना विचारलं, "शेवटचं सांगितलंत ना, काका?" मी म्हणालो, "सांगितलं."

शेवटचं घर माझ्या विद्यार्थ्याचं. चौथीपर्यंत माझ्याकडे होता. पुढे पावसाळा सोडला की ठाण्याच्या बाजूला इमारतींच्या कामावर जायचा. बोलण्यात तिकडची हिंदी आलेली. नुकतं लग्न झालेलं, बायकोला पाचवा महिना. घरात त्याची आई, मिश्रीचं बोट दातांवर फिरवत कुणाचीही फिरकी घेणारी बाई.

खुर्ची बघून ती म्हणाली, "गुरुजी, ही लग्नात आणली असती तर नवरदेवाला बसवला असता. तवा माझा पोरगा पत्र्याच्या डब्यावर बसला होता."

"आई, गप ना," मुलगा म्हणाला. "एकदम बढिया चीज हाय."

"तू गप. गुरुजी, आधी त्या चष्मेवाल्याला बसवा. खाली जाताना त्यालाच उचलाया लागंल."

मी ते मराठीत सांगितलं तेव्हा इंजिनीअर सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग सून बसली. लाजत, पदर दाताखाली धरून. चौघांनी दांडे धरून खुर्ची जेमतेम गुडघ्यापर्यंत उचलली आणि परत ठेवली. तिनं सासूला हळूच काही सांगितलं.

"काय म्हणते?" मुलीनं मला विचारलं.

"म्हणते, झोळीत नुसतं कापड दिसतं. माझ्या बहिणीला नेली तवा ती घाबरली होती, कुठं चाललोय ते दिसत नव्हतं. यात बसलं तर वाट दिसंल."

मुलीनं ते लिहून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. माझेही.

मंडळींना उजेडात खाली पोचायचं होतं. ती सामान घेऊन पुढे निघाली. खुर्ची मी आणि माझा विद्यार्थी मिळून खाली आणणार असं ठरलं होतं. मंडळी दिसेनाशी झाल्यावर म्हातारी म्हणाली, "गुरुजी, ठेवून जा ना ही. पोरीचे दिवस भरतील तवा पाऊस असंल."

मी म्हणालो, "पक्की खुर्ची पावसाआधी येईल. तेव्हा घ्या."

"येईल तवा ही घेऊन जा परत. तवर आमच्याकडं असू दे. मजबूत हाय ना?"

सून दारात उभी होती. मुलगा दांड्यावरून हात फिरवत होता. त्या क्षणी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: प्लॅस्टिक आहे, रंग मी लावलाय. दिवसभर तीच खुर्ची खरी म्हणून मी दाखवत होतो. सकाळच्या त्या म्हाताऱ्यासारखं हिनंही उठून जावं हे मला नको होतं.

"मजबूत आहे," मी म्हणालो. "पण जपून वापरा."

जीपमध्ये मुलीनं विचारलं, "मॉडेल?"

"बाजारच्या दिवशी तो जव्हारला आणून देणार आहे. माझ्याकडे ठेवतो."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

दीड-दोन महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. संस्थेनं दुसऱ्या तालुक्यातली दुसरी कल्पना पुढे न्यायची ठरवली होती. आमची खुर्ची थांबली होती. "सॉरी, काका. तुम्ही इतकं केलंत." मग आठवल्यासारखं म्हणाली, "मॉडेल आहे ना तुमच्याकडे? मोडून टाका हं. उगाच कुणी वापरायचं."

"हो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मला पाड्यावर जाता आलं असतं. एसटी चालू होती, पाऊस लागला होता पण ओढा अजून पायांनी ओलांडण्याजोगा होता. मी गुडघ्याला तेल चोळून घेतलं, पिशवीही भरली. मग म्हटलं, आवणी चालू आहे, सगळे भात लावायला शेतावर, घरी कुणी भेटणार नाही. आवणी झाल्यावर म्हटलं, आता ओढ्याला पाणी आहे. गुडघा दुखत होता हे खरं. पण मी गेलो नाही याचं कारण गुडघा नव्हता. गेल्यावर खुर्ची परत मागावी लागली असती, आणि का मागतो ते सांगावं लागलं असतं. मनाची समजूत मी अशी घातली, की वेळ येईल तेव्हा ती माणसं आपली बांबू तोडतील आणि झोळीच करतील. इतक्या पिढ्यांची सवय थोडीच जाते.

श्रावणात एका दुपारी फोन वाजला. माझ्या विद्यार्थ्याचा, दवाखान्यातून. मागे पाऊस आणि माणसांचा गलका.

"गुरुजी, खुर्ची मोडली तुमची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिला कळा लागल्या म्हणून नेत होतो. ओढ्याला उतरतो त्या उतारावर. ती खाली पडली, गुरुजी. दगडावर."

"कशी आहे ती?"

"ती हाय. बाळ गेलं." मग म्हणाला, "खुर्चीचे तुकडे आणलेत मी. टाकले नाय."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जायला हवं होतं. गेलो नाही. त्याच्या घरची माणसं परतल्यावर, आठवडाभरानं, पाऊस उघडलेला बघून पाड्यावर गेलो. ओढ्यावरचा तो उतार माझ्या पायांखालून गेला. दगड सगळे सारखेच. कोणता, ते मला कळलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

ओट्यावर खुर्ची होती. तुकडे धुऊन, सुतळीनं बांधून, भिंतीला टेकून ठेवलेले. म्हातारी बाहेर आली. तिनं माझ्यासाठी कोरा चहा केला. कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या हातून मोडली. तुमी विश्वासानं दिली होती."

त्या घरातलं पहिलं मूल गेलं होतं आणि ती माझी माफी मागत होती. मी चहा प्यायलो. सगळा प्यायलो.

मुलगा समोर उकिडवा बसला होता. मी कसंबसं विचारलं, "अरे, निघायच्या आधी जरा बघितली नव्हती का? तुम्ही तर बांबू लोंबकळून बघता."

तो म्हणाला, "बांबू असता तर बघितला असता, गुरुजी. तुमची वस्तू. तिला काय लोंबकळायचं? बरं दिसतं का ते?"

मला वाटलं होतं की ती माणसं आपल्या सवयीनं वाचतील. सवय होती, पण मी दिलेल्या वस्तूची परीक्षा घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्यात काढून हे मला कळायला हवं होतं.

सून दाराच्या आत बसली होती. छातीवर फडकं घट्ट बांधलेलं. दूध आटावं म्हणून ते बांधतात हे मला ठाऊक होतं. माझ्या बायकोलाही एकदा बांधावं लागलं होतं, आमच्या पहिल्याच्या वेळी. म्हणजे मला न कळण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तिनं आतूनच विचारलं, आवाज अगदी साधा, "गुरुजी, आमी धरायला चुकलो का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलानं सुतळीच्या गाठोड्यातला एक तुकडा ओढला. जोडापाशी तुटलेली नळी. वरून चंदेरी, आतून पांढरी फटक. त्यानं ती हातात फिरवली, तुटल्या कडेवरून अंगठा फिरवला. हा माणूस कित्येक वर्षं इमारतींवर काम करत होता. अशा नळ्या त्यानं स्वतः बसवल्या असतील. मला म्हणाला, "आतून पांढरी असते होय, गुरुजी?"

आजवर मी स्वतःला सांगत आलो, की त्याला कळलं नसेल. आता लिहिताना ते सांगणार नाही. त्याला कळलं होतं. त्यानं प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबला. मला जागा करून दिली.

"हो," मी म्हणालो. "तशीच असते."

त्यानं नळी परत सुतळीत खोचली. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "गुरुजींची चीज बरोबर होती. माझा पाय सरला. मागचा दांडा माझ्याकडं होता."

मी "नाही" म्हणू शकलो असतो. तो एकच शब्द होता. मी म्हणालो, "पाऊस होता ना."

ते तुकडे तो माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत घेऊन आला, माझ्या खांद्यावर द्यायला तयार होईना. घरी आणून मी ते माळ्यावर टाकले आणि पुढच्या उन्हाळ्यात बंबात जाळले. फार घाण वास आला. शेजारीण विचारायला आली, काय जाळताय. मी म्हणालो, जुन्या नळ्या.

मुंबईच्या मुलीला मी फोनवर सांगितलं ते असं: त्यांनी माझ्याकडून न विचारता नेली, ओझं जास्त झालं. ती फोनवर रडली. नंतर तिनं ते काम सोडलं असं ऐकलं. तिच्या रडण्यात माझ्या खोट्याचा वाटा किती होता, ते मला माहीत नाही. तिनं मला दोनच गोष्टी पाळायला सांगितल्या होत्या. मी दोन्ही मोडल्या आणि तिला वाटत राहिलं, की तिचंच काही तरी सांगायचं राहून गेलं.

पाड्यावर मात्र एकच गोष्ट टिकली: त्याचा पाय सरला. सुनेच्या माहेरची माणसं तिला घेऊन गेली. वर्षभर पाठवली नाही. तिच्या भावानं बाजारात चारचौघांत त्याला म्हटलं, "बायको धरता येत नाय, तो पोर काय धरंल." हे मला ज्यानं सांगितलं तो हसत सांगत होता. मी तेव्हाही चष्मा पुसला. माझा विद्यार्थी त्यावर काही बोलला नाही म्हणे. शाळेतही तो तसाच होता. दुसऱ्याची चूक असली तरी छडीसाठी हात पुढे करायचा, म्हणजे लवकर संपतं.

पुढे ती परत नांदायला आली. म्हातारी मागच्या वर्षी गेली. मला उशिरा कळलं. तिला सांगायचं ते आता कायमचं राहिलं.

या दिवाळीनंतर मी एकदा तयारी केली. तयारी म्हणजे काय, वाक्यं जमवली. मराठीत नाही, त्यांच्या बोलीत, कारण मराठीत मी फार सफाईनं बोलतो. शनिवारी पाड्यावर जायचं ठरवलं. शुक्रवारीच मला ती दोघं जव्हारच्या स्टँडवर दिसली. भात कापून, झोडून झाल्यावर कामाला निघाली होती. बोचकी, पातेल्यांचं पोतं आणि तिच्या कडेवर दीडेक वर्षाची मुलगी, डोळ्यांत भरपूर काजळ घातलेली.

त्यानं मला बघितलं आणि गर्दीतून येऊन पाया पडला. त्याचे केस पिकायला लागले आहेत. "गुरुजी, तब्येत?"

"बरी आहे. कुठं निघालात?"

"भिवंडीकडं. ठेकेदार चांगला हाय. टेन्शन नाय." मुलीकडे वळून म्हणाला, "हे आमचे गुरुजी. नमस्कार कर. कर ना! घरी तर दिवसभर करते, कुत्र्याला पण करते."

ती मुलगी आईच्या खांद्यात तोंड लपवून हसली. आईनं तिचे दोन्ही हात धरून जुळवले. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता. ती बहुतेक मी काही बोलेन म्हणून थांबली होती. मला तसं वाटलं. तिचा तो प्रश्न अजून तिच्याजवळ होता आणि नवऱ्यानं दिलेलं उत्तरही.

एसटी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागले. तो बोचकी उचलायला धावला. ती माझ्यासमोर एकटी उभी होती, पोर कडेवर, आणि मला जे बोलायचं होतं ते सगळं तोंडात होतं. मी तिला म्हणालो, "पोरीला टोपी घाल. वारं आहे."

"घालते, गुरुजी," ती म्हणाली आणि चढली.

जे बोलायचं होतं ते हे: बाय, तुम्ही धरायला चुकला नाहीत. त्याचा पाय सरला नाही. खुर्ची पाण्याच्या नळीची होती, नुसती दाखवायला केलेली. तिच्यावर रंग मी लावला होता आणि तुझ्या सासूनं विचारलं तेव्हा ती मजबूत आहे असं मी म्हणालो, तेव्हाही मला ते माहीत होतं. तुझं बाळ माझ्यामुळे गेलं. तुझ्या नवऱ्याला ते कळलं होतं आणि त्यानं माझी लाज राखायला ते स्वतःवर घेतलं. मी ते त्याला घेऊ दिलं. मला माफ कर, असं म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणतो.